पाहुण्याचा हिसका

१

चला, शेवट ओळखून दाखवा. ओळखलात तर ही काठी तुमची. हिच्याशिवाय मला उठता येत नाही, तरी देईन. आणि सोपं करून सांगतो हं: या गोष्टीत कोणी मरत नाही. कोणी बुडतही नाही. जेवढी माणसं बेटावर गेली तेवढीच घरी आली. आता लावा डोकं.

हसताय काय? हसा. मीही हसायचो.

मला सगळे काड्या म्हणतात. खरं नाव आईलासुद्धा आठवायला वेळ लागायचा. शाळेत दोन वर्षं गेलो, त्यातलं दीड वर्ष बाकावर उभा होतो. तेव्हा मला लिहून बिहून काही मागू नका. ऐका.

किनाऱ्यापासून बोटीने तासाभरावर वाळूची बेटं आहेत. बेटं म्हणजे काय, किनाऱ्यापुढे समुद्राने घातलेली लांबच लांब पाळ. उंची म्हणाल तर माझ्या कमरेएवढी. लाटा तिथे फुटतात म्हणून मागची वस्ती राहते. त्या वाळूवर गवत लावायचं काम निघालं होतं. मुळं वाळूला धरून ठेवतात म्हणे. आम्ही चौघं जायचो. मुकादम, मावशी, वहिनी आणि मी. मावशी कोणाचीच मावशी नव्हती, सगळ्यांची होती. वहिनी माझी सख्खी, दादाची बायको. आणि दादा बोटीवर.

दादा बोटीवरून उतरायचा नाही. त्याचं कारण पाणी.

तिथलं पाणी उथळ. भरतीला गळ्याएवढं, ओहोटीला घोट्याएवढं. बोट बेटाला लावली आणि पाणी उतरलं, की बोट वाळूवर बसली. मग सहा तास कलंडून पडायचं, आणि भरतीची पहिली लाट आली की फळ्या खिळखिळ्या. म्हणून दादा बोटीचं नाक समुद्राकडे करून लांबच नांगर टाकायचा. हातात एक बांबू, त्यावर लाल पट्टे. पाणी उतरत उतरत तिसऱ्या पट्ट्यावर आलं की निघायचंच, मग देव जरी यायचा राहिला असला तरी.

२

आता दोर समजून घ्या, सगळी गोष्ट त्यावर लोंबकळतेय.

बेटावर एक खुंटा ठोकलेला. खुंट्यापासून बोटीपर्यंत दोर. जाताना येताना तो धरून पाण्यातून चालायचं, कारण मध्ये कुठे कुठे पायाखालची वाळू पोकळ. दोराचं दुसरं टोक पार बोटीच्या नाकापर्यंत, दादाच्या हातात. निघताना ते टोक एका रिकाम्या डब्याला बांधून पाण्यात सोडायचं, दुसऱ्या दिवशी डबा धरला की दोर सापडला.

तिकडे सकाळ-संध्याकाळ धुकं असतं. असं धुकं की आपला हात आपल्याला ओळखीचा वाटत नाही. ओरडलं तर आवाज कुठून आला कळत नाही. म्हणून दादाची पद्धत होती. परत येताना प्रत्येकाने खुंट्यापाशी दोराला एक हिसका द्यायचा. म्हणजे मी आलो. दादा बोटीवरून एक हिसका द्यायचा. म्हणजे समजलं, उतर पाण्यात. त्याचं उत्तर आल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही, तिथेच थांबायचं. चार हिसके आले, चार उत्तरं गेली, की नांगर वर.

हिसक्यावरून दादा माणूस ओळखायचा. मुकादमाचा म्हणजे बैलाने मान उडवावी तसा. मावशीचा आळशी, लांबलेला. वहिनीचा छोटा, आणि त्याच्यामागे एक बारीक थरथर. तिला हात पुसायची सवय होती, ओल्या दोराला हात लागला की लगेच झटकायची. घरीसुद्धा तेच. भांडी घासून झाली की ओले हात सरळ दादाच्या पाठीवर पुसायची.

"अगं, फडकं आहे ना!" दादा ओरडायचा.

"तुम्ही जवळ होतात," वहिनी म्हणायची.

दादाच्या सगळ्या सदऱ्यांच्या पाठीवर दोन पंजे उमटलेले असायचे. मी म्हणायचो, "दादा, शिक्का बसलाय तुझ्यावर. माल परत होणार नाही."

आणखी एक. बोटीत कोणी मागून चढलं की बोट जराशी दबते. दादा नाकावर पाठमोरा उभा असला तरी त्याच्या तळव्यांना कळायचं. "मावशी आली," म्हणायचा, न बघता. मावशीचं कोणालाही कळलं असतं म्हणा.

३

आता एवढी छान पद्धत. मला कसं राहवणार?

मी चौथा असायचो, सगळ्यात शेवटी. माझा हिसका द्यायचा, उत्तर घ्यायचं, आणि मग आणखी एक द्यायचा. पाचवा. दादा तिकडे चक्रावायचा. चार गेले, पाच आले?

आम्हाला सगळ्यांना एकसारखे पिवळे रबरी कोट मिळाले होते, डोक्यावर टोपडं असलेले. मुकादमाचा जुना कोट फाटला, तो मी खुंट्याला घातला. टोपड्यात गवत कोंबलं. धुक्यात लांबून बघितलं की वाटायचं, कोणीतरी खाली मान घालून उभं आहे. आम्ही त्याला पाहुणा म्हणायला लागलो. मावशी येता जाता विचारायची, "काय पाहुणे, जेवलात का?" वहिनी त्याचं टोपडं सरळ करायची. आणि पाचवा हिसका म्हणजे पाहुण्याचा.

दादाला एकट्याला हसू यायचं नाही.

"काड्या, अरे मोजणी आहे ती. मोजणीत खेळ नको."

"एक पाहुणा जड झाला का तुला?"

"जड हलक्याचा प्रश्न नाही. उत्तर दिलं की मी त्या माणसाला घ्यायला बांधलेला असतो."

हे त्याचं वाक्य. तेव्हा मी मुकादमाकडे बघून डोळा मारला होता.

मग एक दिवस शिंपल्याने माझा पाय कापला. चार बोटं लांब जखम. मी बोटीतच थांबलो, दादाशेजारी, पाय वर करून. धुकं होतं. परत यायची वेळ झाली. मुकादमाचा हिसका आला, दादाने उत्तर दिलं. मावशीचा आला, उत्तर दिलं. वहिनीचा आला, थरथर आली, उत्तर दिलं. तिघं एकेक करून चढली.

मग दोर पुन्हा हिसकला.

दादाचा हात सवयीने हलला. उत्तर गेलंसुद्धा. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

"मी इथे आहे," मी म्हणालो. "हा बघ पाय."

आम्ही पाचही जण दोराकडे बघत बसलो. दोर ताणलेला, पाण्यातून धुक्यात गेलेला. जसा माणूस धरून चालतो तेव्हा हलतो तसा, एका पावलाला एकदा, हलत होता. मग हलायचा थांबला. कोणी आलं नाही.

"ओंडका अडकला असेल," मुकादम म्हणाला.

"याने काहीतरी बांधून ठेवलंय," दादा म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "घे शपथ. हिच्या गळ्याची. पुन्हा खोटा हिसका देणार नाही."

मी वहिनीच्या गळ्याला हात लावला आणि शपथ घेतली. वहिनी म्हणाली, "जपून भाऊजी, माझा एकच आहे."

दादाचा माझ्यावर विश्वास बसला. शपथेनंतर चार म्हणजे चार. हे लक्षात ठेवा.

४

पाय बरा व्हायला आठवडा लागला. तोवर मी रोज बोटीत. चौघांच्या जागी तिघं बेटावर. दुपारी दादा तोंडावर टोपी टाकून तासभर झोपायचा, दोर पायाला गुंडाळलेला सैल. मी नुसता बसून. आता माझ्यासारख्याला नुसतं बसवणं म्हणजे तुम्हीच सांगा.

मी दोर हातात घेतला आणि एक हिसका दिला.

एक आला.

वाटलं, वहिनी असेल, गंमत करतेय. पण उन्हात बेट लख्ख दिसत होतं. तिघं पार पलीकडच्या टोकाला वाकून गवत लावत होती. खुंट्यापाशी फक्त पाहुण्याचा कोट.

मी दोन दिले. दोन आले. मी डोकं चालवलं: प्रवाह असेल, दोराला पीळ असेल, लांब दोर आपलाच धक्का परत आणत असेल. विहिरीत ओरडलं की आवाज परत येतो, तसं. समजूत पटली. मग भीती कसली? मजा वाटायला लागली. इतक्या वर्षांत माझ्या खोडीला खोडीने उत्तर देणारा पहिल्यांदा भेटला होता.

मी मुकादमाची नक्कल केली, बैलासारखा हिसका. तसाच आला. मावशीचा लांबलेला दिला. तसाच आला, थोडा जास्तच आळशी, आणि मी एकटाच फिदीफिदी हसलो. मग वहिनीचा दिला. छोटा, आणि मागे थरथर.

हा लगेच आला नाही.

मी पुन्हा दिला. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा आला, पण थरथर जमली नव्हती. मी नीट करून दाखवली. एकदा, दोनदा, बोटं कशी झटकायची ते. शाळेतला मास्तर नसेल एवढ्या मायेने मी ती शिकवली. पाचव्या खेपेला अगदी बरोबर आली. दादा झोपेतच म्हणाला, "आली का ग?"

मी दोर सोडून दिला.

संध्याकाळपर्यंत पाय टेकत टेकत खुंट्यापाशी जाऊन आलो. गाठ जिथल्या तिथे. वाळूवर आमच्याच चौघांच्या पायांच्या खुणा. फक्त दोर एका जागी वेगळा होता. सगळा दोर पाण्याने निथळत होता, आणि खुंट्याजवळ एक मूठभर जागा कोरडी. खडखडीत. उन्हात वाळत टाकलेल्या दोरीसारखी. मी ती जागा पाण्यात बुडवून वर काढली. पाणी तिथून नुसतं ओघळून गेलं.

घरी येऊन मी दादाला सांगायला हवं होतं. पण काय सांगू? शपथ मोडून तुझ्या बायकोची नक्कल करत होतो? म्हटलं, उद्या सांगू.

५

उद्या धुकं होतं, आणि ओहोटीला घाई.

माझा पाय चालण्याइतका बरा झाला होता म्हणून मीही उतरलो. वहिनी पार दुसऱ्या टोकाला होती, शेवटची ओळ लावून येते म्हणाली. दादाची शिटी झाली. शिटी म्हणजे पाणी दुसऱ्या पट्ट्यावर. मुकादम गेला. मावशी गेली. मी खुंट्यापाशी थांबलो, वहिनीला हाक मारली.

"तुम्ही व्हा पुढे, आलेच!" धुक्यातून आवाज आला.

मी हिसका दिला, उत्तर आलं, मी गेलो. पाहुण्याकडे मी त्या दिवशी बघितलं का, हे मला आजवर आठवत नाही. कोट खुंट्यावर होता की नव्हता.

मी बोटीत चढून मशीनपाशी बसलो. लगेच मागे दोर हलला. छोटा हिसका. आणि थरथर.

दादाने उत्तर दिलं. "चौघं," तो म्हणाला, आणि दोराचं टोक डब्याला बांधून दोन्ही हातांनी नांगर ओढायला लागला. नांगर वाळूत रुतला होता. मुकादम त्याच्या मदतीला गेला. बोट लाटांवर नाचत होती, कोणाच्या तळव्यांना काय कळणार? मावशी पाठ फिरवून टोपल्या बांधत होती. मागच्या फळीवर पिवळा कोट येऊन बसला. टोपडं खाली ओढलेलं.

"काय वहिनी," मी म्हणालो, "आज गवताला अंगाई गात होता का?"

टोपडं जरासं हललं. हो म्हटल्यासारखं.

मी मशीन चालू केलं. मीच केलं. पाणी तिसऱ्या पट्ट्यावर होतं.

अर्धा तास गेला. उथळ पट्टा ओलांडून आम्ही खोल पाण्यात आलो आणि धुकं एकदम फाटलं. मावशीने जेवणाचा डबा उघडला, म्हणाली, "घे ग, दोन घास खा," आणि हात तसाच राहिला.

फळीवर कोट पडला होता. बसल्या माणसाच्या घडीचा. फाटका, मुकादमाचा जुना. टोपड्यात माझं गवत. दादाने तो उचलला. सगळी बोट धुक्याने ओली, फळी ओली, आम्ही ओले. कोटाखाली एका माणसापुरती जागा कोरडी.

दादाने माझ्या कानफटात मारली. आयुष्यात पहिली आणि शेवटची.

"शपथ घेतली होतीस."

"दादा, मी नाही."

"कोट तूच आणलास. हिसका तूच दिलास, तिच्यासारखा."

"मी नाही रे!"

पण माझा आवाज मलाच खोटा वाटला. तिच्यासारखा हिसका येतो तरी कोणाला?

६

परत फिरलो तर उथळ पट्टा बंद. बांबू घातला, घोटाभर पाणी. चालत जावं तर दोर नाही, आणि खाली पोकळ वाळू. सहा तास थांबायचं. दादा नाकावर उभा राहिला तो बसलाच नाही.

ऊन आलं. बेट समोर, हाकेपेक्षा लांब पण नजरेत सगळं. ताटासारखं सपाट. लावलेल्या गवताच्या ओळी मोजता येत होत्या. खुंटा दिसत होता, आता उघडा. त्या बेटावर मांजर लपायला जागा नाही.

वहिनी नव्हती.

मावशी म्हणाली, "पलीकडच्या उतारावर बसली असेल." मुकादम म्हणाला, "हो, उतारावर." त्या बेटाला उतार नाही, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. दादाच्या पाठीवर कालचे दोन पंजे होते, वाळून पांढुरके झालेले. मी सहा तास तेच बघत बसलो.

पाणी चढलं. आम्ही पट्टा ओलांडला. पुन्हा थोडं धुकं उतरत होतं. दादाने डबा धरला, दोर हातात घेतला, आणि दोर ताणून होतो न होतो तोच हिसका आला.

छोटा. मागे थरथर.

दादाचे डोळे भरले. मी त्याच्या मनगटाला धरलं, कशासाठी ते त्याला सांगता येईना. तोंड उघडलं तर शिकवणीचं सगळं बाहेर आलं असतं. दादाने माझा हात झटकला आणि उत्तर दिलं.

वहिनी दोर धरून पाण्यातून चालत आली. तोच चेहरा, तोच कोट. आम्ही चौघांनी हात पुढे केले. ती हात न धरता चढली.

"मी हिसका दिला होता," ती म्हणाली. "उत्तर आलं नाही. म्हणून थांबले."

मावशी तिला मिठी मारून रडायला लागली. मुकादम नाक शिंकरत होता. मी दादाकडे बघत होतो. दादा खाली बघत होता, आपल्या पायांकडे. पाणी त्या वेळी तळ्यासारखं शांत होतं.

बोट दबली नव्हती.

७

सांगितलं ना, कोणी मेलं नाही. सव्वीस वर्षं झाली. वहिनी घरी आहे. स्वयंपाक चांगला करते. माझ्या विनोदांना हसते, अगदी जिथे हसायचं तिथे. फक्त भांडी घासून झाली की हात पुसत नाही. पुसायला काही नसतंच. नळाखालून काढलेले हात कोरडे, खडखडीत. पहिल्या वर्षी दादा मुद्दाम मोरीपाशी पाठ करून उभा राहायचा. मग राहायचा बंद झाला.

गवताचं काम कधीच संपलं. बेटही सरकलं, या बेटांचं तसंच असतं. खुंटा आता पाण्यात उभा आहे, जवळपास उभं राहायला वाळूसुद्धा नाही. दादा सत्तरीला आलाय. तरी रोज सकाळी बोट काढतो. त्याला एकट्याला सोडवत नाही म्हणून मी मागे बसतो. त्याच जागी नांगर टाकतो, डबा धरतो, दोर हातात घेतो.

हिसका येतो. छोटा, मागे थरथर. थोडा वेळ जातो. पुन्हा येतो.

दादा उत्तर देत नाही. एकदा दिलं होतं, आणि जे आलं ते घरी आहे. पण नांगरही उचलत नाही. कारण तिला सांगून ठेवलेलं, उत्तर आल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही, तिथेच थांबायचं. आणि वहिनी सांगितलेलं मोडणारी नव्हती.

काल तो मला म्हणाला, "काड्या, तुला कळतं का रे? ही ती आहे की ते आहे? थरथर तर तिचीच वाटते."

आता मला काय वाटतं ते मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू? मी दोर हातात घेतला नाही. म्हणालो, "मला कसं कळणार दादा, मी कधी लक्ष दिलं होतं!"

तो मान हलवून पुन्हा पाठमोरा झाला. पाणी तिसऱ्या पट्ट्यावर येईपर्यंत उभा राहिला, दोर मुठीत आवळून. सदऱ्याची पाठ पांढरी स्वच्छ, इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नाही.